लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले काम

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. कारण सांगायला संकोच वाटतो, पण आपण सगळ्या घरच्याच. गेली चार वर्षे मी आपल्या आळीतल्या वृद्ध बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होते. दोन वह्या भरल्या. तिसरी अर्धी झाली असता एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी ती चाळली, शुद्धलेखनाच्या चुका दाखविल्या, आणि साठीनंतर हा उद्योग कशाला, असे हसत हसत विचारले. वही कपाटात गेली ती आठ महिने तेथेच राहिली. मग या लेखाच्या निमित्ताने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घेतली. त्यांच्याविषयीच चार शब्द लिहिते.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, एवढे नव्या भगिनींसाठी आरंभीच सांगून ठेवते. लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. बाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनू. घरात सोवळ्याचे विलक्षण थैमान होते. सत्तावन्नच्या बंडात बाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली, आणि तेव्हापासून वडिलांच्या मनाने विटाळाची जी धास्ती घेतली ती जन्मभर सुटली नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊनच घरात यायची, धान्यसुद्धा! पुढे बाईंनी हे सारे इतक्या गमतीने लिहिले आहे की आपण हसतो, आणि मग त्या घरातल्या बायकांचे काय होत असेल हे मनात येऊन हसू ओसरते.

अकराव्या वर्षी लग्न झाले. टिळक बुद्धिमान, उदार आणि शीघ्रकोपी. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणार, न सांगता घरातून निघून जाणार, पुन्हा तितक्याच प्रेमाने परत येणार. लिहायला-वाचायला बाईंना त्यांनीच शिकविले, परंतु ते शिक्षण धरसोडीचे. जोडाक्षरांशी बाईंचे कधी नीट जमले नाही. मराठी गद्यातले एक अव्वल पुस्तक ज्यांनी लिहिले त्यांची ही गोष्ट! मी या ठिकाणी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

1893 च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात टिळकांना एका युरोपियन गृहस्थाने बायबल वाचायला दिले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बाईंचे वय सव्वीस, पदरी लहानगा दत्तू. त्या काळी याचा अर्थ काय, ते आपल्या आज्यांना ठाऊक होते. नवरा जिवंत असून नाहीसा. बाई माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरास होत्या. प्रकृती खालावली, रात्ररात्र झोप नसे. याच दिवसांत त्या कविता करू लागल्या. कोणाला दाखवायच्या म्हणून नव्हे. मन कोठेतरी मोकळे व्हायला हवे होते.

चार-पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परत गेल्या, त्या धर्म बदलण्यासाठी मुळीच नव्हे. नगरकडे राहून आपले सोवळे-ओवळे, आपला निराळा स्वयंपाक त्यांनी चालूच ठेवला. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण बाईंचा विचार आतल्या आत चालू होता. देवाने माणूस निर्माण केला, मग जाती कोणी केल्या, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. उत्तर मिळाले तेव्हा ठरवून टाकले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. धान्य धुणाऱ्या बापाची ही लेक! दीक्षा त्यांनी 1900 साली घेतली, ती या निश्चयाच्या नंतर. मला यात त्यांचे मोठेपण दिसते. नवऱ्याच्या मागे गेली, असे लोक म्हणाले असतील. खरे पाहता त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने गेल्या. आपला धर्म कोणता का असेना, ही गोष्ट ओळखायला अडचण पडू नये.

पुढची वर्षे धामधुमीची. प्लेगाच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा, पोरक्या मुलांना जवळ करणे, कोणा ना कोणाचे येणेजाणे. बालकवी ठोमरे तर नगरला त्यांच्या घरी घरच्यासारखे राहिले.

1919 च्या मे महिन्यात टिळक मुंबईस वारले. बाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. मोठा बेत होता, पण त्यांच्या हातून दहा-अकराच अध्याय झाले. ते पुरे करण्याचे बाईंनी मनावर घेतले. मराठीतल्या नामवंत कवीचे अर्धे काव्य, आणि ते पुरे करणार कोण, तर जोडाक्षरे न जमणारी त्यांची विधवा बायको! मधे पोटापाण्याचे उद्योग होतेच. मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केली, काही वर्षे कराचीलाही काढली. तरी त्यांनी एकामागून एक 64 अध्याय रचले. टिळकांपेक्षा कितीतरी अधिक. ओवी त्यांच्या कानात लहानपणापासून होती, शाळेतून आलेली नव्हती, हेच बहुधा उपयोगी पडले असावे.

याच उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहून झाली. पहिला भाग 1934 साली निघाला तेव्हा बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. घरात बसून बोलावे तशी ती भाषा. स्वतःची फजिती सांगताना हात आखडत नाहीत, नवऱ्याचा राग लपवीत नाहीत, आणि तरी कोठे कडवटपणा नाही. ज्या भगिनींनी वाचले नसेल त्यांनी ग्रंथालयातून जरूर आणावे.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई वारल्या. 'ख्रिस्तायना'चा शेवटचा अध्याय राहिला होता. तो मुलाने, देवदत्तांनी, लिहिला, आणि 1938 साली ग्रंथ छापून निघाला. बाप, आई आणि मुलगा, तिघांचे हात त्याला लागले.

माझी वही कपाटात होती त्या आठ महिन्यांत ओव्या सांगणाऱ्यांपैकी एक आजी गेल्या. त्यांच्या पंढरीच्या ओव्यांपैकी माझ्याकडे पहिल्या पाचच आहेत. बाकीच्या त्यांच्या धाकट्या जावेला थोड्याफार येतात असे कळले. त्या एक्याण्णव वर्षांच्या आहेत, आणि दुपारी तीन वाजता त्यांना जरा बरे वाटते. उद्या जाणार आहे.