दृष्टी गेलेला नाणेपारखी

सर वॉल्टर एलियट यांचा दक्षिण भारतातील नाण्यांवरचा ग्रंथ 1886 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. नाण्यावरील अक्षर लावणे त्यांना अशक्य झाले होते. मित्रांचे डोळे आणि स्वतःचे स्मरण यांच्या बळावर त्यांनी ते लेखन पुरे केले. गोव्याच्या कदंबांच्या सिंहांकित सुवर्णनाण्यांचा विचार ज्या आरंभीच्या ग्रंथांत झाला, त्यांपैकी हा एक.

एलियट यांचा जन्म एडिंबरो येथे 16 जानेवारी 1803 रोजी झाला. 1821 साली ते कंपनीच्या मद्रास सेवेत दाखल झाले आणि लवकरच दक्षिण मराठा मुलखात, धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांच्या हाताखाली आले. 23 ऑक्टोबर 1824 रोजी बेळगावनजीकच्या कित्तूर येथे राणी चन्नम्मांच्या सैन्याने थॅकरे यांना ठार केले. एकवीस वर्षांचे एलियट आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन्सन कैदेत पडले. किल्ला पडण्यापूर्वी त्यांची सुटका झाली. असा अनुभव आल्यावर दुसरा कोणी बदली मागून निघून गेला असता. एलियट मात्र 1833 पर्यंत याच भागात राहिले. या मुलखात त्यांनी शिलालेखांचे ठसे व नकला जमवण्यास आरंभ केला. त्या संग्रहाची संख्या पुढे 595 वर गेली.

नाण्यांची गोडीही याच काळातली असावी. महसुली अधिकाऱ्याच्या कचेरीत तेव्हा नाना टांकसाळींचे रुपये येत आणि प्रत्येकाचा वटाव निराळा असे. बेळगावचे मोगली नाव आझमनगर. त्या नावाच्या चांदीच्या रुपयांवर बादशहाचे नाव फारसीत असते. परंतु ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून गाव किंवा सन पुष्कळदा काठाबाहेर राहून जातो. छायाचित्र पाहून नाण्याची प्रत ठरवणारा नवशिका येथेच फसतो. अक्षर न उमटणे वेगळे आणि उमटलेले अक्षर झिजणे वेगळे. झिजलेल्या नाण्याचा उंच भाग सपाट व गुळगुळीत होतो. ठसा कमजोर बसला असेल तर त्या जागी चकतीचा मूळचा खडबडीतपणा शिल्लक असतो.

बेळगाव-निपाणीकडील जुन्या घरांतले रुपये पाहताना आणखी एक पथ्य पाळावे. लक्ष्मीपूजनासाठी चिंच लावून घासलेला रुपया छायाचित्रात झळझळीत दिसतो, पण त्या चकाकीखाली बारीक ओरखडे असतात आणि चांदीवर शतकभर चढलेली काळसर छटा कायमची गेलेली असते. माळेत ओवण्यासाठी लावलेली कडी काढून बुजवलेली जागा समोरून दिसत नाही. काठाचे छायाचित्र मागावेच लागते. सराफाने पारखण्यासाठी मारलेली खूण हा मात्र माझ्या मते दोष नव्हे, तो नाण्याचा इतिहास आहे. वजन आणि नाद यांपैकी छायाचित्रात काहीच उतरत नाही.

ठसे मारलेल्या प्राचीन रौप्यनाण्यांवरही एलियट यांनी लिहिले. त्या नाण्यांवर निरनिराळ्या वेळी उठवलेल्या खुणा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्यांतली आधीची कोणती, नंतरची कोणती, हे नाणे तिरप्या उजेडात फिरवल्यावाचून कळत नाही. एकाच कोनातून घेतलेले चित्र तेथे अपुरे पडते.

छायाचित्राची उपयुक्तता एलियट यांना ठाऊक नव्हती असे नाही. अमरावतीच्या स्तूपाची त्यांनी उत्खननातून मिळवलेली शिल्पे मद्रासेत होती. 1858 साली लिनियस ट्राइप यांनी त्यांची छायाचित्रे घेतली आणि पुढे ती शिल्पे लंडनला रवाना झाली. प्रवासापूर्वी ते दगड कोणत्या स्थितीत होते, याची साक्ष आज ती चित्रे देतात.

1860 साली एलियट स्कॉटलंडमधील वुल्फली या आपल्या गावी परतले. 1 मार्च 1887 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी सकाळी त्यांनी तिरुक्कुरळच्या येऊ घातलेल्या आवृत्तीविषयी डॉ. पोप यांना पत्र सांगून लिहवले होते आणि खाली सही मात्र स्वतःच्या हाताने केली होती.