कोळशाने लिहिलेली पत्रे



दरवर्षी २२ जून रोजी ख्रिस्तसभा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर या दोन इंग्रज रक्तसाक्षींचे स्मरण करते. त्यांतील थॉमस मोर हे चार मुलांचे वडील, वकील आणि नामवंत लेखक होते. कैदेत असताना त्यांनी आपल्या माणसांना लिहिलेली पत्रे आजही वाचायला मिळतात.

थॉमस यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. १४९९ साली त्यांची डच विद्वान इरॅस्मस यांच्याशी ओळख झाली आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. इरॅस्मस यांनी आपले एक गाजलेले पुस्तक मोर यांच्या घरी राहून लिहिले. मोर यांचा 'युटोपिया' हा ग्रंथ १५१६ साली छापून घेण्यासाठी इरॅस्मस यांनी खटपट केली. मोर यांनी आपल्या मुलींनाही मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवले. थोरली मार्गारेट इतकी तयार झाली की इरॅस्मस यांच्या प्रभूच्या प्रार्थनेवरील पुस्तकाचे तिने इंग्रजीत भाषांतर केले.

१५२९ साली मोर राज्याचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. त्यांच्या कारकिर्दीत सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले आणि काही प्रकरणांत त्यांचा स्वतःचा हात होता, हेही सांगितले पाहिजे. पुढे राजा आठवा हेन्री याने राणी कॅथरिनला दूर करून दुसरे लग्न केले आणि पोपमहोदयांचा अधिकार झुगारला. मोर यांनी १५३२ सालीच पद सोडले होते. १५३४ साली नव्या कायद्याची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि एप्रिल महिन्यात त्यांची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली.

खरी कसोटी इथून पुढे सुरू झाली. मार्गारेटने स्वतः शपथ घेतली होती, मात्र देवाच्या नियमाला धरून असेल तेवढीच, अशी अट घालून. वडिलांनीही घ्यावी म्हणून तिने कळवळून पत्र लिहिले. मोर यांनी उत्तरात कळवले की, कानावर येणाऱ्या भयंकर गोष्टींपेक्षा लेकीच्या त्या पत्राने आपल्याला जास्त अस्वस्थ केले. तरी ते डगमगले नाहीत, आणि शपथ घेतल्याबद्दल त्यांनी तिला दोषही दिला नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी आपल्याला परवानगी देत नाही, दुसऱ्यांच्या विवेकाचा न्याय आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका पत्रांतून पुन्हा पुन्हा येते.

बिशप फिशर हेही टॉवरमध्येच बंदिवान होते. नोकरांच्या हातून दोघांमध्ये चिठ्ठ्या जात आणि वाचून झाल्यावर त्या जाळल्या जात. पण हे उघडकीस आले आणि खटल्यात तोही कटाचा पुरावा म्हणून मांडला गेला. जून १५३५ मध्ये मोर यांची पुस्तके काढून नेण्यात आली. लेखणी नव्हती तेव्हा मोर कोळशाने लिहू लागले. अन्न व द्राक्षारस पाठवणारे इटालियन व्यापारी मित्र अँतोनियो बोनव्हिसी यांना त्यांनी लॅटिनमध्ये पत्र लिहून जवळजवळ चाळीस वर्षांच्या स्नेहाबद्दल आभार मानले. ५ जुलैचे शेवटचे पत्र मार्गारेटला होते. त्यात राजाबद्दल कटुता नाही. घरच्यांना आणि नोकरमाणसांना आशीर्वाद आहेत, आणि शिक्षा झाल्यावर पहारेकऱ्यांची गर्दी सारून तिने बापाला जी मिठी मारली, तिची प्रेमळ आठवण आहे. दुसऱ्या दिवशी, ६ जुलै १५३५ रोजी, त्यांचा शिरच्छेद झाला.

१५५७ साली त्यांच्या भाच्याने ही पत्रे छापली. १९३५ साली मोर यांना संतपद मिळाले आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

भाविकांनो, आपल्याही घरांत मतभेद होतात. जमिनीवरून, लग्नावरून, राजकारणावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. आपण म्हणतो, मी तत्त्वासाठी भांडतो. मोर यांनी तत्त्वासाठी प्राण दिला, पण वेगळा निर्णय घेतलेल्या लेकीशी अबोला धरला नाही. ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याला या आठवड्यात एक फोन करूया, निदान चार ओळी लिहूया.

संत थॉमस मोर, आम्हांसाठी विनंती कर.

– प्रमुख धर्मगुरू