लेणी पाहायला निघालेले बाबासाहेब

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या आमच्या बांधवांना त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर जवळच आहे. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तिथे जायचे ठरवले तर अडवणारा कोणी नाही. हा साधा वाटणारा हक्क खुद्द बाबासाहेबांनाही नव्हता, हे नव्या पिढीला सांगितलेच पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. शाळेत बसायला त्यांचे गोणपाट वेगळे असे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. न्यूयॉर्क आणि लंडन येथे विद्वत्ता गाजवून आले, तरी इथल्या जातिव्यवस्थेने त्यांना माणूस मानले नाही. म्हणून २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा राहिला.

हा लढा सुरू असतानाच १९३४ साली चळवळीतील कार्यकर्त्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. नाशिकहून सुमारे तीस जण बसने निघाले. वाटेत अपमान नको म्हणून सर्वांनी आपली ओळख झाकून ठेवली होती. दौलताबादच्या किल्ल्याशी पोहोचल्यावर धुळीने माखलेले तोंड-पाय काहींनी दाराबाहेरच्या हौदाच्या पाण्याने धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान हौद बाटवला म्हणून ओरडत आला, जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. शेवटी आत सोडले, ते किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. पाळत ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. अस्पृश्यता केवळ हिंदूंपुरती उरलेली नाही, हे या प्रसंगाने उघडे केले.

एका हौदाच्या पाण्यावरून अपमानित झालेल्या या महामानवाने पुढे देशाच्या संविधानाला आकार दिला. त्याच्या कलम १५ ने सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट सर्वांना खुले केले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचे रक्षण ही राज्याची जबाबदारी ठरवली. ज्या औरंगाबादच्या वाटेवर हा अपमान झाला, त्याच शहरात १९५० साली त्यांनी महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या परिषदेला गेले. प्रकृती ढासळलेली असतानाही परतताना सारनाथ आणि कुशीनारा पाहून आले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता प्रश्न आमचा आहे. आम्ही लेण्यांवर जातो, फोटो काढतो, डबे उघडतो आणि पांडवलेणी म्हणत खाली उतरतो. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत पांडवांनी लेणी कोरल्याचा उल्लेख नाही. तिथे गौतमी बलश्रीचे दान आहे. उषवदाताने भिक्खूंच्या चीवरासाठी विणकरांच्या श्रेणीत ठेवलेल्या कार्षापणांचा हिशेब आहे. आठव्या लेण्यात तर मुगुदास नावाच्या कोळ्याचे दान नोंदलेले आहे. राजमातेच्या डोंगरावर कष्टकऱ्याचेही नाव कोरले गेले, ही धम्माची समता आहे.

म्हणून येत्या सुटीत सहकुटुंब त्रिरश्मीवर जा. मुलांना शिलालेख दाखवा, दानकर्त्यांची नावे वहीत उतरवून घ्यायला लावा आणि दौलताबादच्या हौदाची हकिकत तिथेच बसून सांगा. जयभीम!