फिरत्या चाकाचे कोडे घालणारा शिक्षक

पॉल एरेनफेस्ट यांचा जन्म १८८० साली व्हिएन्नात झाला. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. विद्यापीठात बोल्ट्झमन यांच्यासारखे थोर गुरू लाभले; पण १९०६ मध्ये त्यांनीही आत्महत्या केली.

१९०९ मध्ये एरेनफेस्ट यांनी एका छोट्याशा लेखात मोठा प्रश्न विचारला. आइनस्टाइन यांच्या विशेष सापेक्षतेनुसार वेगाने जाणारी वस्तू गतीच्या दिशेने आखूड भरते. मग गरगर फिरणाऱ्या चाकाचे काय? परीघाचा प्रत्येक तुकडा गतीच्या दिशेने धावतो, म्हणजे परीघ आखडायला हवा. त्रिज्या मात्र गतीला काटकोनात असते, ती आहे तेवढीच राहणार. शाळेत शिकलेले परीघ आणि त्रिज्येचे नाते इथे मोडते. अर्थ असा, की जराही न ताणता, न वाकता फिरू लागेल असा पूर्ण कडक पदार्थ असूच शकत नाही. फिरवताना चाकात ताण येतो आणि त्या ताणाचाही त्याच्या ऊर्जेच्या हिशेबात वाटा असतो. पुढे वक्र अवकाशाच्या कल्पनेकडे जाताना आइनस्टाइन यांनाही हे फिरते चाक उपयोगी पडले.

१९१२ मध्ये एरेनफेस्ट हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात लोरेन्ट्झ यांच्या जागी प्राध्यापक झाले. अवघड विषय सोपा करण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या त्यांच्या तरुण शिष्यांनी इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो, असे मांडले. लोरेन्ट्झ यांनी हिशेब करून दाखवला, की तो इवलासा गोळा असेल तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशाहून जास्त वेगाने फिरावे लागेल. शिष्य घाबरले, लेख मागे घ्यावा म्हणाले. पण गुरूंनी तो आधीच पाठवून दिला होता! इलेक्ट्रॉन गोळा नव्हता, पण त्याचा ‘स्पिन’ खरा ठरला. असाच स्पिन प्रोटॉनलाही असतो. आमच्याकडचे एमआरआय यंत्र त्याच्याच आधारे चालते.

शिष्यांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या या माणसाचा स्वतःवर मात विश्वास नव्हता. नवे पुंजभौतिकी आपल्याला झेपत नाही, आपण निरुपयोगी आहोत, हा विचार त्यांना पोखरत गेला. १९३२ मध्ये आइनस्टाइन यांनी काळजीने विद्यापीठाला पत्र लिहून त्यांचा भार कमी करण्याची विनंती केली. धाकट्या मुलाला डाउन सिंड्रोम होता, त्याच्या संगोपनाची चिंता वेगळीच. २५ सप्टेंबर १९३३ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एरेनफेस्ट यांनी त्या मुलाचा जीव घेतला आणि स्वतःचाही. वडिलांच्या वेदनेत त्या मुलाचा काहीच दोष नव्हता, हे विसरता कामा नये.

इतक्या वर्षांनंतर त्यांच्या आजाराचे नेमके निदान करणे योग्य नव्हे. पण ‘मी कुचकामी आहे’ ही भावना नैराश्याचे नेहमीचे लक्षण आहे. कर्तृत्वाचे दाखले समोर ठेवून ती जात नाही; तिला उपचारच लागतात, आणि ते आज उपलब्ध आहेत. घरातले कुणी सतत असे बोलत असेल, झोप-जेवण उडाले असेल, तर समजूत काढून थांबू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या. विशेष मुलांच्या थकलेल्या आईवडिलांचीही विचारपूस करा. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.