विश्लेषण : पूरग्रस्तांसाठी आधी पैसा की आधी पाहणी? ठक्करबाप्पांनी घालून दिलेली पद्धत काय होती?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून मदतीचे टेम्पो निघाले. गणेश मंडळे, गृहसंकुले, शाळा यांनी निधी गोळा केला. या शहरांना पूर नवा नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापुरात घरांत शिरले होते. तरीही दर वेळी तेच प्रश्न उभे राहतात. रस्त्याकडेच्या गावाला दोनदा मदत आणि आतल्या वाडीला काहीच नाही, असे का होते? गोळा झालेल्या पैशाचा हिशेब कोण देणार? पाणी ओसरल्यावर पुढे काय? शंभर वर्षांपूर्वी एका अभियंत्याने या प्रश्नांचा पाठपुरावा आयुष्यभर केला. चेंबूर-कुर्ल्यातील वसाहतीमुळे त्यांचे नाव अनेकांच्या तोंडी असते, काम मात्र फारसे ठाऊक नसते.

ठक्करबाप्पा कोण होते?

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगरला झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १८९० मध्ये एल.सी.ई. ही पदवी घेतली. काठियावाडातील रेल्वेची कामे, पोरबंदर संस्थानातील नोकरी आणि पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वे असा प्रवास करून ते काही काळ सांगली संस्थानात अभियंता होते. गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो याच सुमारास. त्यानंतर ते मुंबई महापालिकेच्या नोकरीत आले.

कुर्ल्यात काय घडले?

कुर्ला तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होते. मुंबईचा कचरा तिथे नेऊन टाकला जाई आणि त्या कामावर ठक्करांची देखरेख होती. कचरा उपसणाऱ्या कामगारांच्या वस्त्या त्यांना रोज दिसत. या कामगारांना अस्पृश्य मानले जाई. सावकाराचे कर्ज, दारू आणि घाण यांत ती माणसे अडकली होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे काम जवळून पाहिल्यावर नोकरी सांभाळून समाजसेवा करणे ठक्करांना पुरेसे वाटेना. १९१४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांनी चांगल्या पगाराची नोकरी सोडली. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सभासद झाले.

अतिवृष्टीशी त्यांचा संबंध कसा आला?

१९१७ च्या पावसाळ्यात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके गेली. त्या वेळच्या नियमानुसार पीक चार आण्यांहून कमी, म्हणजे पाव हिश्श्याहून कमी आले, तर शेतसाऱ्याची वसुली थांबवायची असे. आज पैसेवारी ५० पैशांच्या आत की बाहेर, यावरून गावागावांत वाद होतो, तसाच तेव्हा आणेवारीवरून झाला. सरकारी आकडे पीक बरे असल्याचे सांगत होते, शेतकरी नाही म्हणत होते. भारत सेवक समाजाने चौकशीसाठी जे कार्यकर्ते पाठवले त्यांत ठक्कर होते. गावोगाव फिरून पिकाची पाहणी झाली. पुढे महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली १९१८ चा खेडा सत्याग्रह झाला, तेव्हा अशा पाहण्यांतून मिळालेली माहिती शेतकऱ्यांच्या बाजूने उभी होती.

मदतीची पहिली पायरी पैसा नसून पाहणी आहे, हे ठक्करांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

ओडिशात मोठी कसोटी कोणती लागली?

१९१९ च्या पुरानंतर ओडिशातील पुरी जिल्ह्यात पिके बुडाली आणि १९२० उजाडता उपासमार सुरू झाली. दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला, की रोजगाराची कामे काढणे, तगाई देणे, साऱ्यात सूट देणे ही जबाबदारी सरकारवर येत असे. सरकार दुष्काळ मान्य करायला तयार नव्हते. गोपबंधू दास हे ओडिशातील नेते ती परिस्थिती विधिमंडळात आणि बाहेरही मांडत होते.

गांधीजींनी ठक्करांना तिकडे पाठवले. खेड्यांतून फिरून त्यांनी जे पाहिले ते लिहून कळवले. त्यांच्या माहितीच्या आधारे ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ या पत्रांतून निधीचे आवाहन झाले. गुजरात आणि मुंबईकडच्या लोकांनी कधी न पाहिलेल्या खेड्यांसाठी पैसे दिले. वाटपावर देखरेख करायला ठक्कर स्वतः तिथे राहिले. त्यामुळे देणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो हे कळत होते आणि गावकऱ्यांना मदत कोणाकडून येते हे समोर दिसत होते. मार्च १९२१ मध्ये गांधीजी ओडिशात आले, तेव्हा भुकेने सापळे झालेली माणसे त्यांनी स्वतः पाहिली.

मदत संपल्यावर ते काय करत?

१९२१-२२ मध्ये गुजरातच्या पंचमहाल भागात दुष्काळ पडला. ठक्कर भिल्लांच्या वस्त्यांवर मदतीसाठी गेले. धान्यवाटप संपल्यावर परत फिरायचे, अशी तेव्हाची रीत होती. पण पुढच्या दुष्काळात हीच माणसे पुन्हा याच अवस्थेत सापडणार, हे त्यांना दिसत होते. त्यामुळे ते तिथेच थांबले आणि दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ उभे राहिले. मिराखेडी येथे मुलांसाठी आश्रमशाळा निघाली. शाळा, दवाखाना आणि सावकारापासून सुटका करणारे सहकारी कर्ज यांवर त्यांचा भर होता. तात्पुरत्या मदतीतून कायमची संस्था उभी राहते, याचे हे ठळक उदाहरण.

त्यांच्याच संस्थेचे पुण्याचे गोपाळ कृष्ण देवधर यांनीही मलबारमधील १९२१ च्या बंडानंतर निर्वासितांसाठी असेच मोठे मदतकार्य उभे केले होते. म्हणजे ही एकट्या ठक्करांची लकब नव्हती, त्या संस्थेच्या शिस्तीचाच तो भाग होता.

मोठे निधी त्यांच्याकडे का सोपवले गेले?

१९३२ मध्ये हरिजन सेवक संघ स्थापन झाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष झाले आणि ठक्कर सचिव. नोव्हेंबर १९३३ पासून सुमारे नऊ महिने गांधीजींनी देशभर दौरा केला. सुमारे साडेबारा हजार मैलांच्या या प्रवासात आठ लाखांच्या आसपास निधी जमला. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, गरिबांनी पैसा-आणा टाकला. दौऱ्याची आखणी आणि व्यवस्था पाहणाऱ्यांत ठक्कर प्रमुख होते. कस्तुरबा गांधी यांचे १९४४ मध्ये निधन झाल्यावर खेड्यांतील स्त्रिया व मुलांसाठी स्मारक निधी काढण्यात आला. उद्दिष्ट ७५ लाखांचे होते, जमले कोटीहून अधिक. त्याचेही सचिव ठक्करच होते.

या विश्वासामागे त्यांच्या सवयी होत्या. ते तिसऱ्या वर्गाने प्रवास करत, रोजनिशी नेमाने लिहीत आणि हिशेबात काटेकोर असत. लोक त्यांना बाप्पा म्हणू लागले.

ठाणे जिल्ह्याशी नाते कुठपर्यंत?

१९४० मध्ये बाळासाहेब खेर यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ सुरू केले. त्यामागे ठक्करबाप्पांच्या कामाची प्रेरणा होती. वारली, कातकरी वस्त्यांत शाळा आणि वसतिगृहे काढण्याचे काम मंडळाने केले. यातील मोठा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

त्यांच्या मार्गाच्या मर्यादाही याच जिल्ह्यात दिसल्या. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. उपाशी माणसाला धान्य मिळाले तरी त्याची जमीन आणि मजुरी जमीनदाराच्याच हाती असेल, तर सेवा अपुरी पडते, हे त्या लढ्याने दाखवले. आदिवासींना मुख्य समाजात आणण्याचा बाप्पांचा आग्रह व्हेरियर एल्विनसारख्या अभ्यासकांना पटत नव्हता. आदिवासींचे स्वतःचे जगणे त्यात पुसले जाईल, अशी त्यांची भीती होती.

अखेरची वर्षे कशी गेली?

वयाच्या ७७ व्या वर्षी ते दंगलग्रस्त नौखालीत गांधीजींबरोबर काम करत होते. संविधान सभेचे ते सदस्य होते आणि आसाम वगळता इतर आदिवासी क्षेत्रांसाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्षही. दूरच्या पाड्यांत फिरून जमवलेला अनुभव तिथे उपयोगी पडला. २० जानेवारी १९५१ रोजी भावनगरला त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आज त्यातून काय घ्यायचे?

आता मदत मोबाइलवरून काही सेकंदांत पाठवता येते. बाप्पांच्या काळात गावापर्यंत पोहोचायलाच दिवस लागत. त्यांच्या पद्धतीतील तीन गोष्टी मात्र अजून लागू पडतात. पैसे मागण्याआधी कोणत्या वाडीत काय हवे याची पाहणी करणे, वाटपाच्या वेळी जबाबदार माणूस जागेवर असणे, आणि पाणी ओसरल्यावर बियाणे, शाळा, कर्ज यांकडे लक्ष ठेवणे. पुढच्या पावसाळ्यात डोंबिवलीतून टेम्पो निघेल, तेव्हा त्याआधी दोन माणसे आतल्या वाडीपर्यंत जाऊन आली असतील, तर निम्मे काम झालेले असेल.