तिहेरी सुरांचा गिटारवादक

हेवी मेटल म्हणजे कानठळ्या बसवणारा गोंगाट, अशी अनेकांची समजूत असते. रँडी ऱ्होड्स या अमेरिकी गिटारवादकाचे अवघ्या पंचवीस वर्षांचे आयुष्य ही समजूत खोटी ठरवते.

६ डिसेंबर १९५६ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे त्याचा जन्म झाला. तीन भावंडांत तो धाकटा. वडील लवकरच घर सोडून गेले. आई डेलोरिस यांनी नॉर्थ हॉलिवूडमधील ‘म्युझोनिया’ ही संगीतशाळा चालवून मुलांना वाढवले. रँडी तेथेच शिकला आणि पुढे तेथेच गिटार शिकवू लागला. त्याच्या ‘क्वाएट रायट’ या बँडचे पहिले दोन अल्बम १९७७ आणि १९७८ मध्ये निघाले, तेही केवळ जपानमध्ये.

१९७९ मध्ये ‘ब्लॅक सबाथ’मधून काढण्यात आलेला गायक ऑझी ऑस्बॉर्न नव्या साथीदारांच्या शोधात होता. त्याने रँडीला निवडले. १९८० मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यातील रिज फार्म स्टुडिओत ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’चे ध्वनिमुद्रण झाले.

रँडीची सामग्री मोजकीच होती. १९७४ ची दुधाळ रंगाची गिब्सन लेस पॉल, कार्ल सँडोव्हलने घडवलेली काळ्यावर पांढरे ठिपके असलेली ‘व्ही’ आकाराची गिटार आणि शंभर वॉटचा मार्शल अँप्लिफायर. गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये एमएक्सआर कंपनीचे ‘डिस्टॉर्शन प्लस’ हे छोटे पेडल असे. ते गिटारचा विद्युतसंकेत वाढवून त्याची टोके छाटते. त्यामुळे सूर दाट होतो, लांबतो. त्याबरोबर खरखरही वाढते आणि वादकाची चूक झाकण्याऐवजी अनेकदा उघडी पडते.

तरीही रँडीने अवघड वाट धरली. ‘क्रेझी ट्रेन’मधील एकलवादन त्याने तीन वेळा, स्वरास स्वर जुळवून वाजवले. ध्वनिमुद्रक मॅक्स नॉर्मन यांनी ते तिन्ही थर एकावर एक बसवले. हात किंचित जरी मागेपुढे झाला असता, तरी सारे विस्कटले असते. त्याच अल्बममध्ये आईसाठी रचलेली ‘डी’ ही छोटी, शांत रचनाही आहे. अभिजात गिटारची त्याची ओढ इतकी होती, की दौऱ्यावर असतानाही तो गावोगावच्या शिक्षकांकडे शिकवणी घेत असे.

१९८० च्या अखेरीस त्याने ग्रोव्हर जॅक्सनकडून विषम पंखांची पांढरी गिटार घडवून घेतली. शार्व्हेल कंपनीचे मालक असलेल्या जॅक्सन यांनी या आगळ्या वाद्यावर स्वतःचे नाव घातले आणि त्यातूनच ‘जॅक्सन’ ही मुद्रा जन्मली. १९८१ मध्ये ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ हा दुसरा अल्बम आला. तोच त्याचा अखेरचा ठरला.

१९ मार्च १९८२ रोजी फ्लोरिडातील लीसबर्ग येथे बँडचा मुक्काम होता. बसचालकाने परवानगीविना उडवलेल्या लहान विमानात रँडी बसला. विमानाचा पंख बसला घासला, विमान शेजारच्या घरावर आदळले आणि तिघेही मृत्युमुखी पडले.

२०२१ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्याचा मरणोत्तर गौरव केला. त्याच्या घडणीची गिटार, तसा अँप्लिफायर, तसे पेडल आज दुकानातून आणता येते. तोच तुकडा तिसऱ्यांदा बिनचूक वाजवण्याची तयारी मात्र रियाजानेच येते.