झिलईच्या शोधांत : बर्नार्ड पालिसी

चुडाव्याकडे उन्हाळ्यांत घरोघरीं मांडलेला माठ आणि त्याच घरच्या फळीवरील लोणच्याची बरणी, ह्या दोन्ही वस्तु मातीच्याच. परंतु माठ पाझरतो आणि बरणी पाझरत नाहीं. माठांतलें पाणी थोडथोडें झिरपून वाऱ्यानें उडून जातें, म्हणूनच आंतलें पाणी गार राहतें. तेल-मीठ मात्र त्यांत ठेवितां येत नाहीं. बरणीवर काचेसारखी झिलई वितळवून बसविलेली असते. ह्या झिलईपायीं ज्यानें आपलें घरदार पणास लाविलें, त्या बर्नार्ड पालिसीची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगणार आहों.

पालिसीचा जन्म इ. स. १५१० च्या सुमारास फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागांत झाला. तो धंद्यानें कुंभार नव्हता. खिडक्यांच्या काचांवर रंगीत चित्रें काढणें आणि जमिनीची मोजणी करणें हीं त्याचीं पोटाचीं कामें. पुष्कळ मुलूख हिंडून १५४० च्या सुमारास तो सँत नांवाच्या गांवीं बायकामुलांसह राहिला. तेथें पांढऱ्या झिलईचा एक मातीचा प्याला त्याच्या पाहण्यांत आला, आणि असें भांडें आपल्या हातून व्हावें ह्या एका छंदानें त्यास घेरलें. तशी झिलई इटलींतले कारागीर कथील घालून पूर्वींपासून करीत असत. पण पालिसीस ती विद्या सांगणारें कोणी नव्हतें, आणि माती भाजावी कशी हेंही त्यास ठाऊक नव्हतें.

त्यानें मडकीं विकत आणून फोडलीं, निरनिराळीं द्रव्यें कुटून एकेका खापरीवर एकेक मिश्रण लाविलें, आणि कोणत्या खापरीवर काय आहे हें वेगळें लिहून ठेविलें. खापऱ्या भाजून निघत, पण झिलई उतरत नसे. पैसे संपले म्हणजे काम थांबे. १५४३ सालीं किनाऱ्यावरील मिठागरांच्या मोजणीचें सरकारी काम मिळालें, तेव्हां त्या कमाईवर खटाटोप पुन्हा सुरू झाला. एकदां तीनशेंहून अधिक खापऱ्या त्यानें काच करणाऱ्यांच्या भट्टींत पाठविल्या. त्यांतली एकच पांढरी व गुळगुळीत निघाली.

त्या एका खापरीच्या भरंवशावर त्यानें घराशेजारीं स्वतःची भट्टी बांधिली. मजुरीस पैसा नव्हता, म्हणून विटा आपल्याच पाठीवर वाहिल्या. सहा दिवस व सहा रात्री तो जाळ घालीत बसला, तरी झिलई वितळेना. मिश्रण चुकलें असें वाटून त्यानें आंच न विझवितां दुसरें केलें, तों सरपण संपलें. तेव्हां बागेंतल्या खुंट्या, मग घरांतलीं मेजें, आणि शेवटीं जमिनीच्या फळ्या त्यानें भट्टींत लोटल्या. गांवांत कोणी त्यास वेडा ठरविलें, तर कोणी खोटीं नाणीं पाडणारा. त्याच्या पत्नीनें बोल लाविले हें कित्येक लेखक तिचा दोष म्हणून सांगतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. घरांत खाणारीं तोंडें असतां पायांखालच्या फळ्या जळतांना पाहून त्या माउलीनें गप्प बसावें काय?

ही गोष्ट सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. आम्हांस पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यानें एक कुंभार कामास ठेविला होता. पगार देववेना, म्हणून अंगावरचे कपडे देऊन त्यास निरोप दिला. मग एकट्यानें नवी भट्टी लाविली. परंतु भट्टीच्या चुन्यांत गारगोटीचे खडे होते. ते तापून फुटले आणि त्यांच्या कपच्या वितळलेल्या झिलईंत रुतून बसल्या. भांडीं एरवीं सुरेख, पण हात फिरवितां वस्तऱ्यासारखीं कापीत. लोक तीं पडत्या किंमतीस घ्यावयास तयार होते व दारांत घेणेकरी उभे होते. तरी तसलीं भांडीं आपल्या नांवानें बाहेर जाऊं नयेत म्हणून त्यानें एकूणएक फोडून टाकिलीं, आणि खिन्न होऊन अंथरूण धरिलें.

तो उठला, आणि पुन्हा दोष हुडकूं लागला. राख उडून भांड्यांस चिकटे, म्हणून भांड्यांभोंवतीं मातीचीं आवरणें केलीं. सरड्याचा हिरवा रंग सापाचा रंग वितळण्याआधींच जळून जाई, म्हणून रंगांची जुळणी नव्यानें बसविली. ह्यांत पंधरा-सोळा वर्षें गेलीं. अखेरीस साप, बेडूक, मासे, शिंपले व पानें जिवंतासारखीं उमटविलेलीं त्याचीं तबकें सरदारांच्या घरीं जाऊं लागलीं. नवल असें कीं, ज्या पांढऱ्या झिलईसाठीं तो निघाला तिच्यापेक्षां ह्या रंगीत कामानेंच त्याचें नांव झालें.

पालिसी प्रॉटेस्टंट होता. त्या पायीं १५६२-६३ च्या धामधुमींत त्यास कैद झाली व कारखान्याची नासधूस झाली. मोठ्या आश्रयदात्यांनीं त्यास सोडविलें. पुढें पॅरिसमध्यें राणी कॅथरीन हिच्या त्विलेरी बागेसाठीं त्यानें मातीकाम केलें. १५७५ पासून तो तेथें व्याख्यानें देई. डोंगरांतल्या दगडी शिंपा एके काळीं सजीव होत्या आणि झऱ्यांचें पाणी मूळचें पावसाचेंच, हें तो शिकवी. म्हातारपणीं धर्ममतासाठीं त्यास पुन्हा धरलें, आणि १५९० च्या सुमारास बॅस्टीलच्या तुरुंगांत त्याचा अंत झाला. १९८० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें लूव्र राजवाड्याच्या परिसरांत खोदकाम झालें, तेव्हां त्याच्या कारखान्याचे अवशेष व सांचे मातीखालून वर आले.